तिसरा मजला, लिफ्ट नाही

घरविक्रीच्या छोट्या जाहिरातींत हे शब्द सहज येऊन जातात. मुलुंड पूर्व, स्टेशनजवळ, वनरूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घेणारा तेवढ्यावरून भाव पाडून मागतो आणि विषय पुढे सरकतो. त्या घरात राहणाऱ्या माणसाचं वय जाहिरातीत नसतं. ते बहुधा सत्तरीच्या पुढचं असतं, आणि घर विकायला काढण्याचं कारणही पुष्कळदा तेच असतं.

मुंबईच्या उपनगरांतल्या म्हातारपणाबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. इथली माणसं आणि इथल्या इमारती एकाच काळात म्हाताऱ्या झाल्या आहेत. घाटकोपर आणि अंधेरी १९५० साली मुंबईच्या हद्दीत आली, मुलुंड आणि बोरिवली १९५७ साली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून आणि कोकण-घाटावरून माणसं इकडे येत राहिली. कोणी चाळीतली खोली पागडीवर दिली, कोणी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं, कोणी बायकोचे दागिने मोडले आणि ‘ब्लॉक’ घेतला. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, मालकी हक्काच्या सदनिकांचा १९६३ चा. या दोन कायद्यांच्या आधाराने सोसायट्या उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन, फार तर चार. तेव्हा घेणारा पस्तिशीचा होता, लिफ्टचा खर्च नको होता, आणि वरचा मजला म्हणजे वारा चांगला असं समजलं जायचं. त्याच काळात म्हाडाच्या वसाहती झाल्या. घाटकोपरचं पंतनगर त्यातलंच. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून चारकोप आणि गोराईत छोटे भूखंड देऊन माणसांना घरं बांधायला लावली गेली. ती बांधणारी पिढी आज पंच्याहत्तर-ऐंशीची आहे.

मराठीत म्हातारपणाची चर्चा मात्र अजून मुलांच्या वागण्याभोवती फिरते. त्यामागे आपलं साहित्य आहे, आणि ते साहित्य थोर आहे हे निर्विवाद. शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आला. सगळं वाटून मोकळा झालेला आणि मग दारोदार झालेला बाप तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्का बसला. दळवींच्या ‘संध्याछाया’ने मुलांची वाट पाहणारं जोडपं दिलं. आजही ज्येष्ठांवरचं कुठलंही व्याख्यान ऐका, ते संस्कारांपाशी येऊन थांबतं. हल्लीची मुलं, एकत्र कुटुंब, श्रावणबाळ. वक्ता खाली बसतो, सभागृह डोळे पुसतं, आणि घरी परतताना त्याच सभागृहातल्या निम्म्या लोकांना पन्नास पायऱ्या चढायच्या असतात. त्या पायऱ्यांचा आणि संस्कारांचा काहीएक संबंध नाही. मुलगा अत्यंत चांगला असेल, सून जीव लावणारी असेल, तरी गुडघा वाकत नाही तो नाहीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की उपनगरात वृद्धाचं स्थान मुलांच्या मनापेक्षा घराच्या भिंतींनी जास्त ठरतं. आयुष्यभराची कमाई ज्यात घातली ते घर त्याच्याजवळची एकमेव मौल्यवान वस्तू आहे. तेच त्याला वर अडकवून ठेवतं, त्यावरच सगळ्यांची नजर असते आणि त्यासाठीच त्याची सही लागते. पुढच्या पानांतला मजकूर याच धाग्याने बांधला आहे.

आधी जिना. एका मजल्याला साधारण अठरा-वीस पायऱ्या, मध्ये वळण. ज्या इमारतीत म्हातारी माणसं जास्त, तिथे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली दिसते. ती कोणाची असते हे विचारायचं नसतं. जो दमेल तो बसतो. खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली जाते, भाजीवाला त्यात मेथीची जुडी आणि सुटे पैसे टाकतो आणि ओढा म्हणून हाक देतो. औषधं दुकानातला मुलगा वर आणून देतो. दूध दारात. हळूहळू खाली उतरण्याचं कारणच उरत नाही. पहिल्यांदा संध्याकाळची फेरी बंद होते, मग देऊळ, मग लग्नकार्यं, शेवटी फक्त डॉक्टर. डॉक्टरकडे जायचं तेव्हा दोन शेजारी खुर्चीला हात लावून उतरवतात, आणि त्यांना त्रास नको म्हणून पुढची तपासणी लांबणीवर पडते. पडण्याची भीती सगळ्यात मोठी. खुब्याचं हाड मोडलं की घरी परत येणं म्हणजे तोच जिना स्ट्रेचरवर चढणं, आणि वळणावर स्ट्रेचर वळत नाही. असं वर्षानुवर्षं वर राहिलेल्या आजींबद्दल आपण ‘घरच्या घरी बऱ्या आहेत’ असं म्हणतो. त्या तिथे कोंडलेल्या आहेत, असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तर उत्तर ठरलेलं असतं: रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा लिफ्ट येणारच आहे. त्यामुळे जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा लावणं, पायऱ्यांच्या कडा रंगवणं, वळणावर दिवा लावणं असली चार-पाच हजारांची कामंसुद्धा पडून राहतात. पाडायच्याच इमारतीवर खर्च कशाला, हा हिशेब व्यवहारी वाटतो. पण पाडायची असं ठरल्यापासून खरोखर पाडेपर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात, आणि ऐंशीच्या माणसाजवळ नेमकी तेवढीच असतात.

पुनर्विकास हा उपनगरातल्या ज्येष्ठांच्या आयुष्यातला आज सर्वांत मोठा प्रसंग आहे, निवृत्तीपेक्षाही मोठा. नियम त्याला अनुकूल झाले आहेत. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने संमतीची अट ५१ टक्क्यांवर आली. विकास नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली सोसायट्यांना वाढीव चटईक्षेत्र मिळतं. तीस वर्षांपुढच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका मागते, आणि ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, असा शिक्का बसला की घर रिकामं करण्यावाचून मार्ग नसतो. यात गैर काही नाही. घाटकोपरमध्ये जुलै २०१७ मध्ये इमारत कोसळून सतरा माणसं गेली. जुन्या भिंतींना चिकटून राहा असं सांगण्याचं धाडस कोणी करू नये.

पण पंचविशीच्या सभासदाला आणि ऐंशीच्या सभासदाला एकाच करारावर सही करायला लावली म्हणजे दोघांना सारखं मिळालं असं होत नाही. तरुणाला तीन-चार वर्षांनी मोठं घर मिळणार असतं. म्हाताऱ्याला पॅकर्सच्या खोक्यांत पन्नास वर्षांचा संसार भरून अकरा महिन्यांच्या भाड्याच्या जागेत जायचं असतं. एकट्या म्हातारीला जागा द्यायला मालक कां-कूं करतो. ‘उद्या काही झालं तर’ हे वाक्य दलाल तोंडावर बोलून दाखवतो. जागा मिळते ती वेगळ्या गल्लीत, कधी वेगळ्या स्टेशनाला. ओळखीचा वाणी, फोनवर उधार देणारा केमिस्ट, रोज खालून हाक मारणारी मैत्रीण, हे सगळं एका दिवसात सुटतं. विसरण्याचा आजार सुरू झालेल्या माणसाला नव्या घरात स्वच्छतागृहाची वाट सापडत नाही. बिल्डर दरमहा भाडं देतो, ही जखम भाड्याने भरून निघत नाही. आणि परत आल्यावर चौदाव्या मजल्यावरच्या घराचा मेंटेनन्स जुन्याच्या कितीतरी पट असतो. त्यासाठी दिलेला कॉर्पस किती वर्षं पुरणार, हे करार करताना शांतपणे विचारणारी माणसं थोडी.

काम थांबलं तर काय होतं याचं उदाहरण अंधेरी आणि बोरिवलीच्या मधोमध आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरचा, म्हणजे पत्राचाळीचा करार २००८ साली झाला. ६७२ कुटुंबं घरं सोडून बाहेर पडली. पुढे काम बंद पडलं, भाडं बंद झालं, प्रकरण चौकश्या आणि अटकांपर्यंत गेलं. वर्तमानपत्रांनी आरोपी, रकमा आणि पक्ष यांचा हिशेब ठेवला. २००८ साली जे साठ-पासष्टचे होते आणि वाट बघता बघता गेले, त्यांचा हिशेब त्या बातम्यांत शोधावा लागतो.

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले. त्यांत लिफ्ट, रॅम्प, दारांची रुंदी, हाताला आधार, सगळ्याचा विचार आहे. हे चांगलं पाऊल आहे. पण मुलुंडच्या सोसायटीतला मूळ सभासद ‘ज्येष्ठांच्या प्रकल्पात’ जात नसतो, तो आपल्याच घरी परत येत असतो. तेच निकष प्रत्येक पुनर्विकासाच्या करारात का नसावेत, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

आता सही. महाराष्ट्रात २०१५ पासून राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये आहे. वर अधिभार आणि नोंदणीचा खर्च. विक्रीच्या शुल्काशी तुलना करता हे जवळजवळ फुकट. हेतू चांगला होता: कुटुंबातल्या कुटुंबात हस्तांतर सोपं व्हावं. परिणाम असा की ‘बाबा, नंतर कटकट नको, आत्ताच करून टाकू’ हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात म्हातारी माणसं सकाळपासून बाकावर बसलेली असतात. टोकन, फोटो, मग अंगठा. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कपडे पिळलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. पुन्हा, दुसरं बोट, हात पुसून पुन्हा. मुलगा मागे उभा असतो. शेवटी हिरवा दिवा लागतो आणि ज्या घराचे हप्ते तिने पोटाला चिमटा काढून फेडले त्यात ती त्या क्षणापासून पाहुणी असते. बहुतेक घरांत पुढे काहीही वाईट होत नाही, हेही तितकंच खरं. पण काही घरांत होतं, आणि तेव्हा कागद बोलतो.

यासाठीच २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे, आणि तो पुरेसा माहीत नाही. साठीपुढचा कोणीही उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. वकील लागत नाही. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो आणि त्याचा निर्णय नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. यातलं कलम २३ प्रत्येकाने पाठ करावं. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. पण ती अट कुठे दिसली पाहिजे यावर कज्जे झाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अट सिद्ध झाली पाहिजे असं सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या बाजूने निकाल देताना कायद्याचा अर्थ अधिक उदारपणे लावला. यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते साधं आहे: बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आम्हा दोघांना हयातभर या घरात राहू देण्याच्या आणि सांभाळण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात लिहून घ्या. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल म्हणून लोक हे टाळतात. विम्याचा हप्ता भरताना कोणी अपघाताची इच्छा करत नसतो.

घराबाहेरच्या जगाविषयी लिहिताना अंधेरीच्या लोखंडवालाची आठवण ठेवावी लागते. १३ मार्च १९९५ रोजी तिथल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार जणांना बरोबर घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. पाच माणसांचं ते मंडळ पुढे जगभर गेलं. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच परिसरातल्या एका उंच इमारतीत, अमेरिकेहून आलेल्या मुलाने दार उघडून घेतलं तेव्हा आत एकट्या राहणाऱ्या आईचा सांगाडा होता. त्यांचं फोनवरचं शेवटचं बोलणं आदल्या वर्षीच्या एप्रिलमधलं. तेव्हा सगळीकडे मुलाला शिव्या घातल्या गेल्या. इमारतीला लिफ्ट होती, सुरक्षारक्षक होते, शेजार होता, हे फार थोड्यांनी मोजलं. म्हणजे लिफ्ट आली की प्रश्न सुटला, असं नाही. दार उघडलं नाही तर कोणाच्या लक्षात येईल, हा प्रश्न जुन्या तीन मजली इमारतीत निदान सुटलेला असतो. दोरीची पिशवी खाली आली नाही की भाजीवाला विचारतो.

पोलीस ठाण्यांत एकट्या ज्येष्ठांची नोंद ठेवली जाते, अंमलदार भेट देऊन जातात. देशभरासाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. या सोयी उपयोगाच्या आहेत, पण रोजचं माणूस त्यांत नाही. ते मिळतं ज्येष्ठ नागरिक संघात, विरंगुळा केंद्रात, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या टोळक्यात, मुलुंडच्या चिंतामणराव देशमुख उद्यानातल्या बाकांवर. राज्यभरच्या संघांना ‘फेस्कॉम’ने जोडलं आहे. वाढदिवस, आरोग्य तपासणी, सहली, गाण्यांच्या भेंड्या. या कार्यक्रमांना हलकं समजणाऱ्यांनी एकदा त्यांचं हजेरीपुस्तक बघावं: दोन दिवस सही दिसली नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जातं.

मात्र हे कट्टे पुरुषांचे आहेत, हे नजरेआड करून चालणार नाही. सकाळी सातला बागेत बसलेले आजोबा निवृत्त झालेले असतात. आजी त्या वेळी नातवाचा डबा भरत असते. तिला निवृत्तीची तारीख कधी नव्हतीच. सून आणि मुलगा दोघं लोकलने नोकरीला जातात ते तिच्या जिवावर. उपनगरातली किती दुहेरी उत्पन्नं अशा सत्तरीतल्या बायकांच्या कंबरेवर उभी आहेत, याचा कोणताही अर्थशास्त्रज्ञ हिशेब मांडत नाही. तिची कंबर गेली की मग ती ‘भार’ होते.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण आकडे स्वतःच बोलतात. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एकेकाळी कारखान्यांची रांग होती. आज तिथे मॉल आणि टॉवर आहेत. त्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्यांना ईपीएस-९५ चं पेन्शन मिळतं, ज्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत दीड हजार मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत हवं. महिन्याला साडेसतराशे! या शहरात तेवढ्यात कोण जगतं? कागदावर गरीब ठरण्यासाठीसुद्धा माणसाला खोटं बोलावं लागावं, हे लाजिरवाणं आहे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ही खरी मोठी गोष्ट झाली. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर; रोजच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यात नाहीत.

म्हणून पुष्कळांना काम हवं असतं, आणि कामाचा हक्क आपण त्यांना विचारल्याशिवाय काढून घेतो. कोरोनाच्या काळात ३० मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पासष्टीपुढच्या कलाकार-कामगारांना चित्रीकरणाच्या जागी मज्जाव केला. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत रोजंदारीवर छोट्या भूमिका करणारी म्हातारी माणसं एका ओळीत घरी बसली. त्यांच्यातला एक सत्तर वर्षांचा अभिनेता उच्च न्यायालयात गेला. दुकानं आणि कचेऱ्यांना ही बंदी नाही, मग आम्हालाच का, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली. काळजीच्या नावाखाली घातलेली बंदी ही बंदीच असते, हे त्या निकालाने नोंदवलं गेलं. लोकलमधल्या डब्याचंही तसंच. जनहित याचिका झाल्यावर रेल्वेने सामानाच्या डब्यांपैकी एक ज्येष्ठांना देण्याचं मान्य केलं आणि २०२५ मध्ये मध्य रेल्वेवर तसा पहिला डबा धावला. गर्दीच्या वेळी म्हाताऱ्यांनी कशाला बाहेर पडावं, हा सवाल तेव्हाही विचारला गेला. डायलिसिसची वेळ रुग्ण ठरवत नाही, आणि दुकानात हिशेब लिहिणाऱ्याला अकराच्या गाडीने जाऊन चालत नाही.

शेवटी ज्या बायकांच्या जिवावर हे सगळं उभं आहे त्यांच्याविषयी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना अंघोळ घालायला, रात्री कुशीवर वळवायला ब्युरोमार्फत बाई येते. बारा तासांची पाळी असते. ती नालासोपाऱ्याहून, दिव्याहून, मानखुर्दहून येते, आणि बरेचदा तिचंच वय पंचावन्न-अठ्ठावन्न असतं. तीही तोच जिना चढते, दिवसातून दोनदा. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. त्यात नोंदणी अठरा ते साठ वर्षांपर्यंतच. पंचावन्न झालेल्या नोंदीत बायकांना सन्मानधन म्हणून एकदाच दहा हजार रुपये दिले गेले. साठीनंतर ती मंडळाच्या कागदावरून जाते, कामावरून जात नाही. तिच्या नावावर ब्लॉक नाही, त्यामुळे तिच्या सहीची कोणाला गरज नाही, तिला बक्षीसपत्राचा धोका नाही आणि कलम २३ चा उपयोगही नाही. उपनगरातल्या म्हातारपणाची चर्चा फ्लॅटच्या मालकांपासून सुरू करण्याची आपली रीत आहे. ही प्रस्तावनाही त्याच क्रमाने लिहिली गेली. पुढचं पहिलं प्रकरण मात्र या बायकांचं आहे, आणि मालकांची पाळी त्यांच्यानंतर येते.